हलक्या कानाचा

पाच वॅट.
लोक हसतात. जिन्यातला बल्बसुद्धा याहून जास्त खातो.
हसू देत. मी डाग देत राहतो.

टॉडमॉर्डन. कालव्याकाठची जुनी सूतगिरणी, तिसरा मजला.
खिडकीबाहेर बाराही महिने ओल्या मेंढ्या.
बाकावर ॲल्युमिनियमची चॅसी उताणी,
तिच्या पोटात हाताने ओवलेल्या तारा, कापडी वेष्टणाच्या,
लाल, काळ्या, पिवळ्या; पिवळी संपली तिथे हिरवी.
एक हात आत, एक हात खिशात.
बापाने शिकवलं ते एवढंच:
तीनशे व्होल्टला एक हात दिला तर तो झटकून टाकतो,
दोन्ही दिले तर छातीतून वाट काढतो.

आम्ही इकडे ट्यूब म्हणत नाही. व्हॉल्व्ह म्हणतो.
म्हणजे झडप. एकाच बाजूला उघडणारं दार.
काचेच्या टाळूला आतून चांदीचा लेप असतो;
तडा गेला, चिमूटभर हवा शिरली
की ती चांदी दुधासारखी पांढरी पडते.

माझी आई, थेल्मा ऑर्मरॉड, वय चौऱ्याऐंशी.
सोळाव्या वर्षी ब्लॅकबर्नच्या कारखान्यात लागली,
केसाहून बारीक तारेची जाळी चिमट्याने बसवायला.
“नखं रंगवायची नाहीत, शिंकायचं नाही
आणि सुपरवायझरकडे बघून हसायचं नाही.
पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या.”

गुरुवारी ती बिस्किटांचा डबा घेऊन येते,
जुने व्हॉल्व्ह पेन्सिलीने ठोकून ऐकते.
टक: चांगला.
टिंग: हलक्या कानाचा.
टेबलावर कप ठेवा, जिन्यात कुणी खोकू दे,
सगळं आत घेतो
आणि स्पीकरला जाऊन सांगतो.
असे मी बुटाच्या खोक्यात टाकतो.

हेडली पिकप. तीस वर्षं बस चालवली.
शनिवारी पबमध्ये शंभर वॅट,
पाठीशी कपाटाएवढे दोन स्पीकर.
आता त्याच्या वरच्या पट्ट्या गेल्या:
पक्षी, किटलीची शिट्टी, नात.
डॉक्टरने कागदावर रेघ काढून दाखवली,
डावीकडे सपाट रस्ता, उजवीकडे दरी.

त्याचा ॲम्प तयार. निळं कापड, एकच नॉब.
स्विच. आधी काहीच नाही.
मग मागे, आत, तांबूस:
लांब अंधारात कुणी सिगरेट ओढतंय.
त्याने जाड तार छेडली. आवाज गोल आला.
नॉब पुढे, अजून पुढे, मग कडेला जरासा फाटला,
जुन्या टॉवेलचा काठ फाटावा तसा,
आणि खालच्या मजल्यावर योगाच्या वर्गाला पत्ता नाही.

आणि त्यात टिंग.
प्रत्येक सुरामागे, चमचा ग्लासला लागावा तसं.
मी ऐकलं. आईचं बिस्कीट चहावरच थांबलं.
खोक्यातला. माझ्याच हाताने बसला होता, गप्पांच्या नादात.
हेडली डोळे मिटून वाजवत होता.
पैसे टेबलावर, मोजलेले.

मी खिशातला हात बाहेर काढला.
“थांब. एक व्हॉल्व्ह बदलायचाय. टिंग करतोय.”
“कुठे?”
त्याने तळवा पेटीवर ठेवला,
तापलेल्या इंजिनावर ठेवत असेल तसा,
दुसऱ्या हाताने नुसत्या तारा दाबत राहिला.
बराच वेळ.
“सापडत नाही.”
आईने पेन्सिल दिली. त्याने मागून काचेवर ठोकलं.
स्पीकरमधून घंटा वाजली. आमच्यासाठी.
तो आमच्या तोंडांकडे बघत होता.

“राहू दे,” म्हणाला. “नातीला ऐकू येईल.
ती सांगेल मला, अजून वाजतंय का.”

मी दहा पाउंड परत केले.
आई म्हणाली, “वीस.”

स्विच बंद केला तरी व्हॉल्व्ह लगेच विझत नाही.
तो गिटारची केस घेऊन जिना उतरू लागला
तेव्हा त्याची पावलं,
एक, दोन, उजवं जरा जड,
पेटीतून येत राहिली.